चक्कर आईंना, उपचार साऱ्या घराला

‘कुटुंबोपचार’ हा शब्द डॉक्टरांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला, तेव्हा माझ्या थोरल्या जाऊबाईंनी घाबरून विचारलं होतं, ‘‘म्हणजे आता आम्हा सगळ्यांनाच गोळ्या घ्याव्या लागणार का?’’ डॉक्टर हसले. म्हणाले, ‘‘गोळ्या कोणालाच नाहीत. फक्त सगळ्यांनी एकत्र येऊन बसायचं.’’ त्यावर जाऊबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या, ‘‘त्यापेक्षा गोळ्या परवडल्या!’’

आमच्या घरची तेव्हाची परिस्थिती पाहता त्यांचं म्हणणं अगदी रास्त होतं.

आम्ही तिघी जावा. थोरले भाऊजी साताऱ्याला, आम्ही पुण्यात आणि धाकटे भाऊजी नोकरीनिमित्त बडोद्याला. सासरे २००९ साली गेले. दिवसकार्य आटोपल्यावर तिघा भावांनी बसून ठरवलं, की आईंनी चार-चार महिने एकेकाकडे राहायचं. चैत्र ते आषाढ सातारा, श्रावण ते कार्तिक पुणे आणि मार्गशीर्ष ते फाल्गुन बडोदा. म्हणजे पाडवा थोरल्यांकडे, गणपती-दिवाळी आमच्याकडे आणि संक्रांत-होळी धाकट्यांकडे. वाटणी इतकी चोख, की नातेवाईक इतरांना आमचं उदाहरण देत. ‘पाळी’ हा शब्द आईंच्या तोंडावर कोणी उच्चारत नसे. माघारी सगळेच उच्चारत.

या चोख वाटणीतही एक पाचर होतीच. २०१५ साली अधिक आषाढ आला, २०१८ साली अधिक ज्येष्ठ आला. दोन्ही वेळा साताऱ्याच्या वाट्याला पाच महिने आले. जाऊबाई तोंडानं काही बोलल्या नाहीत, पण हिशेब त्यांच्या मनात पक्का होता.

दुसरी गोष्ट पैशांची. २०१२ साली धाकट्या भाऊजींनी बडोद्याला फ्लॅट घेतला, तेव्हा थोरल्यांनी त्यांना साडेतीन लाख रुपये दिले होते. मुलीच्या लग्नासाठी साठवलेले ते पैसे. २०१३ साली लग्न ठरलं, तेव्हा धाकट्यांना एकच लाख परत करणं जमलं. लग्नाच्या मांडवातच कोणीतरी काहीतरी बोललं, कोणीतरी त्याला तोडीस तोड उत्तर दिलं. तेव्हापासून थोरल्या आणि धाकट्या भावांमध्ये बोलणं बंद! नाही म्हणायला, समोरासमोर आले की ‘‘कधी आलास?’’ ‘‘सकाळी,’’ एवढं व्हायचं. बाकी सगळा व्यवहार आमच्यामार्फत. थोरले भाऊजी ह्यांना फोन करून धाकट्यांबद्दल बोलत, धाकटे ह्यांना फोन करून थोरल्यांबद्दल. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या हे सगळं मला सांगत. मी म्हणजे आमच्या घरची टपालपेटी होते.

आणि पोस्टमन होत्या आई. चार महिन्यांनी घर बदललं, की नव्या घरी पहिल्या रात्रीच जेवताना प्रश्न यायचा, ‘‘मग, तिकडे काय म्हणतात?’’ त्या एका प्रश्नाला आई किती तोलूनमापून उत्तर द्यायच्या, हे मी पाहत आले आहे. खरं सांगावं तर आग लागणार, खोटं सांगावं तर पुढच्या घरी उघडं पडणार.

चक्कर आणि तारखा

२०१६च्या कार्तिकात बडोद्याच्या गाडीचं तिकीट तीन दिवसांवर आलेलं असताना आईंना पहिली चक्कर आली. ओट्यापाशी उभ्या होत्या, तिथंच खाली बसल्या. सगळं घर फिरतंय म्हणाल्या. उलटी झाली. रक्तदाब थोडा वाढलेला निघाला, गोळी सुरू झाली. मग फाल्गुनात बडोद्याला, मग आषाढात साताऱ्याला, मग पुन्हा आमच्याकडे. दोनदा रुग्णालयात ठेवावं लागलं. कानाच्या डॉक्टरांना दाखवलं, हृदयाचा आलेख काढला, मानेच्या रक्तवाहिन्या तपासल्या आणि २०१८च्या आषाढात साताऱ्याहून पुण्यात आणून डोक्याचा एमआरआयसुद्धा केला. वयाच्या मानानं सगळं ठीक!

इथं एक सांगते. म्हाताऱ्या माणसाला चक्कर आली, की आधी या सगळ्या तपासण्या व्हायलाच हव्यात. ‘मनाचं असेल’ असं म्हणून कोणी त्या टाळू नयेत. आमच्या डॉक्टरांनीही टाळल्या नाहीत. पण सगळी कागदपत्रं चाळताना त्यांचं लक्ष तारखांकडे गेलं. मी सगळे रिपोर्ट तारीखवार लावून ठेवले होते. त्यांनी विचारलं, ‘‘या चक्करच्या आगेमागे घरात काय चाललं होतं?’’ मी सांगू लागले आणि सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं. पाचही वेळा आईंची बॅग भरायला काढलेली होती.

त्या डॉक्टरांनी आम्हाला एका मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात पाठवलं. तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांनी आईंशी एकट्याशी तासभर बोलून घेतलं. स्मरणशक्ती तपासली, झोप-भूक विचारली, नैराश्याची लक्षणं आहेत का ते पाहिलं. ‘यांना मानसिक आजार नाही, रक्तदाबाची गोळी चालू ठेवा’ असं सांगून ते म्हणाले, पुढच्या वेळी सगळे या. त्यावरच तो गोळ्यांचा संवाद झाला होता.

थोरले भाऊजी भडकले. ‘‘म्हणजे आई नाटक करते असं म्हणायचंय का तुम्हाला?’’

‘‘मुळीच नाही,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘चक्कर खरी आहे. परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलाचं पोट दुखतं, ते दुखणंही खरंच असतं. आई मुद्दाम करतात, असं घरी जाऊन कोणी म्हणायचं नाही. ही पहिली अट.’’

कोण कुठे बसलं?

आमच्या एकूण सहा बैठका झाल्या. पहिली २०१८च्या श्रावणात आणि शेवटची २०१९च्या मार्चमध्ये. त्या घेतल्या विभागातल्या समाजकार्यकर्त्या बाईंनी. मानसिक आजारांच्या क्षेत्रात काम करण्याचं खास शिक्षण त्यांनी घेतलेलं होतं. चाळिशीच्या असतील. आवाज कधी चढला नाही. सल्ला असा त्यांनी फारच क्वचित दिला.

पहिल्या बैठकीला धाकटे भाऊजी नव्हते. ‘‘जेवढे येतील तेवढ्यांनी या,’’ असं बाईंनीच सांगितलं होतं. खोलीत गोलाकार खुर्च्या मांडलेल्या होत्या. कोणी कुठे बसायचं, ते सांगितलं नव्हतं. आई बसल्या, त्यांच्या शेजारी माझे पती, त्यांच्या पलीकडे थोरले भाऊजी. जाऊबाई आणि मी दाराजवळ, चहा आणायला उठावं लागेल अशा बेतानं. बाईंनी नुसतं पाहून घेतलं.

‘‘आई, तुम्हाला काय होतं?’’ बाईंनी विचारलं.

‘‘तिला ना, आधी डोळ्यांपुढे अंधारी येते,’’ थोरल्या भाऊजींनी सुरुवात केली.

‘‘त्यांनाच विचारूया का?’’ बाई म्हणाल्या. त्या तासाभरात हे वाक्य त्यांनी निदान पाच वेळा उच्चारलं असेल. प्रत्येक वेळी तितक्याच शांतपणे.

मग त्यांनी मोठा कागद घेतला आणि आमच्या घराण्याचा नकाशा काढायला लागल्या. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी वर्तुळ, लग्नाची आडवी रेघ, मुलांच्या उभ्या रेघा. कोण कधी गेलं, कोणाचं कोणाशी पटतं, कोणाचं तुटलं. वंशावळ आपल्याला नवी नाही, पण नावांऐवजी नात्यांची वंशावळ मी पहिल्यांदाच पाहिली. आईंच्या माहेरच्या बाजूला आल्यावर बाईंनी विचारलं, ‘‘तुमच्या आई शेवटी कोणाकडे होत्या?’’ आई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘‘माझे चार भाऊ. तीन-तीन महिने ठेवायचे तिला. तिसऱ्याकडून चौथ्याकडे पोचवली आणि आठव्या दिवशी गेली.’’ तिघाही मुलांना हे ठाऊक नव्हतं. आमच्या लग्नाला तेव्हा पंचवीस वर्षं होत आली होती, पण मीही हे कधी ऐकलं नव्हतं.

बाईंची प्रश्न विचारण्याची रीतही निराळी होती. ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं त्या फारसं विचारत नसत. ‘आईंना चक्कर आली, की सगळ्यात आधी कोणाला कळतं? ते कोणाला फोन करतात? मग कोण येतं? किती दिवस राहतं? त्या दिवसांत घरात सगळ्यात निवांत कोण असतं?’ असे एकापुढे एक प्रश्न. आणि एकाबद्दल दुसऱ्याला विचारायचं. आईंबद्दल मला, ह्यांच्याबद्दल जाऊबाईंना. उत्तरं देता देता जाऊबाई अचानक म्हणाल्या, ‘‘खरं सांगू? चक्कर आली, की तिघे भाऊ एका खोलीत असतात. एरवी लग्नकार्यातसुद्धा नसतात.’’

खोलीत शांतता पसरली. बाईंनी त्यावर भाष्य केलं नाही. लिहून घेतलं आणि पुढच्या महिन्याची तारीख दिली.

या रीतीमागे बरीच मोठी परंपरा आहे, हे मला नंतर वाचल्यावर कळलं. अमेरिकेत १९५०च्या दशकात मरे बोवेन नावाच्या मनोविकारतज्ज्ञानं रुग्णाबरोबर त्याचं सबंध कुटुंबच वॉर्डात राहायला आणलं होतं. दोन माणसांमधला ताण सोसेनासा झाला, की ती तिसऱ्याला मध्ये ओढतात आणि एक त्रिकोण तयार होतो, हा त्यांचा सिद्धांत. व्हर्जिनिया सटीर यांनी १९६४ साली एकत्रित कुटुंबोपचारावर पुस्तक लिहिलं. अर्जेंटिनात जन्मलेले साल्वादोर मिनुचिन हे तर माणसांच्या जागाच बदलून बसवायचे. कोणी कोणाशेजारी बसायचं, इथपासून त्यांचा उपचार सुरू व्हायचा. आणि ते साखळीसारखे प्रश्न इटलीतल्या मिलान शहरच्या डॉक्टरांच्या गटानं रूढ केलेले.

पण हे सगळं परदेशातून आलं असं समजायचं कारण नाही. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी त्याच १९५०च्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांसाठी आवारात तंबू ठोकले होते. घरची माणसं तिथं राहायची, आजार समजून घ्यायची आणि आपल्या माणसाला घेऊन घरी जायची. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या मानसिक आरोग्य केंद्रातही नातेवाइकानं रुग्णासोबत राहायची पद्धत आहे. बंगळूरच्या निम्हान्समध्ये कुटुंबांसाठी वेगळं केंद्र कित्येक वर्षांपासून चालतं. आपल्याकडे आजारी माणसाला घरापासून तोडून बरं करता येत नाही, हे आपल्या डॉक्टरांनी फार लवकर ओळखलं होतं.

निरोप बंद

दुसऱ्या बैठकीत बाईंनी आम्हाला घरचा अभ्यास दिला. ऐकायला अगदी साधा. महिनाभर आईंच्या हाती किंवा माझ्या हाती कोणी कोणाला निरोप द्यायचा नाही. धाकट्याला काही सांगायचं असेल, तर थोरल्यांनी स्वतः फोन करायचा. नाहीतर ते सांगायचंच नाही.

तो महिना मोठा विचित्र गेला. घरात एकदम शांत शांत! माझे पती रात्री सवयीनं सुरू करायचे, ‘‘अगं, दादाचा फोन होता, वहिनींना जरा सांग की...’’ मी म्हणायची, ‘‘बाईंनी काय सांगितलंय?’’ ते चडफडत कूस बदलायचे. आईंना तर काय करावं ते सुचेना. एकदा धाकट्यांचा फोन आला. बोलून झाल्यावर त्या मला म्हणाल्या, ‘‘तो दादाबद्दल काहीतरी सांगायला लागला. मी म्हटलं, मला नको सांगू, त्यालाच सांग.’’ एवढं म्हणून त्या फोनकडे पाहत बसल्या. जणू तो फुटेल अशी भीती वाटत असावी. काही झालं नाही. त्या रात्री त्या दोन पोळ्या जास्त जेवल्या.

मध्यस्थी आपल्याला नवी नाही. भांडण झालं, की मामा येतात, गावातले जाणते येतात. पण मामा निकाल देतात. अमुक बरोबर, तमुक चूक, आता मिटवा! निकाल ज्याच्या बाजूनं लागतो तो खूश, दुसरा मनात गाठ ठेवून गप्प. बाईंनी सहा बैठकांत एकदाही निकाल दिला नाही. थोरले भाऊजी दर वेळी विचारायचे, ‘‘मग चूक कोणाची, ते सांगा ना!’’ बाई दर वेळी दुसराच प्रश्न विचारायच्या. मला त्याचा सुरुवातीला रागही यायचा. इतका वेळ काढून आलो, तर निदान काहीतरी ठोस सांगा! पण निकालाची वाट पाहणं थांबल्यावरच माणसं एकमेकांकडे पाहायला लागली, हेही मी पाहिलं.

तिसरी बैठक दिवाळीनंतरची. धाकटे भाऊजी आणि धाकटी जाऊ बडोद्याहून आले होते. या वेळी बाईंनी खुर्च्या बदलल्या. दोन्ही भावांच्या मध्ये बसलेल्या माझ्या पतींना उठवून माझ्या शेजारी बसवलं. मधली खुर्ची काढून भिंतीला लावली. आता थोरले आणि धाकटे शेजारी शेजारी. आईंना त्यांनी खिडकीपाशी बसवलं आणि म्हणाल्या, ‘‘आज तुम्ही फक्त ऐका. कोणाची बाजू सावरायची नाही.’’

पैशांचा विषय निघायचाच होता. तो निघाला आणि पाच वर्षांचं सगळं बाहेर पडलं. अडीच लाख, मुलीचं लग्न, मांडवात कोण काय म्हणालं. धाकटी जाऊ रडली. ‘‘फ्लॅटमध्ये राहतात आणि उधारी बुडवतात,’’ हे वाक्य तिच्या माहेरच्या माणसांसमोर बोललं गेलं होतं म्हणे. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, ‘‘ते मी म्हटलं नव्हतं.’’ थोरले भाऊजी ताडकन उठले आणि दार ढकलून बाहेर गेले.

माझे पती सवयीनं त्यांच्यामागे जायला उठले. ‘‘तुम्ही बसा,’’ बाई म्हणाल्या.

दहा मिनिटं कोणी काही बोलेना. आईंचे हात थरथरत होते, पण त्याही उठल्या नाहीत. शेवटी धाकटे भाऊजी स्वतः उठून गेले. काचेतून दोघे कॉरिडॉरच्या टोकाला उभे दिसत होते. वीस मिनिटांनी परत आले, दोघांच्या हातात कॅन्टीनच्या चहाचे कप होते. तिथं काय बोलणं झालं, ते त्या दोघांनी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. कोणी विचारलेलंही नाही.

चौथ्या बैठकीत दरमहा १० हजार रुपये परत करायचं ठरलं. जानेवारी २०१९पासून हप्ते सुरू झाले. कोरोनाच्या टाळेबंदीत २०२० साली धाकट्या भाऊजींचा पगार अर्ध्यावर आला आणि हप्ते थांबले. १ लाख १० हजार अजून राहिलेच आहेत. पण ‘आता काही महिने जमणार नाही’ हा फोन धाकट्यांनी थोरल्यांना स्वतः केला.

आईंना कोणी विचारलं?

पाचव्या बैठकीत बाईंनी आईंना मधोमध बसवून विचारलं, ‘‘तुम्हाला कुठं राहायला आवडेल?’’

तिघे मुलगे एकदम काहीतरी बोलायला गेले आणि आपापलेच थांबले. एवढी प्रगती तोपर्यंत झाली होती.

आई म्हणाल्या, ‘‘मला जायला आवडतं रे. तिघांची घरं माझीच आहेत. पण मला नेऊन सोडलेलं आवडत नाही.’’

मग हळूहळू बोलू लागल्या. त्यांची साताऱ्याची भजनी मंडळातली मैत्रीण, तिच्याशी सूर जुळेपर्यंत आषाढ संपतो. बडोद्याची थंडी सोसत नाही, पण तिथल्या नातवाशी गट्टी आहे. आणि नऊ वर्षांत आपली बॅग कधी पूर्ण रिकामीच केलेली नाही. चार महिन्यांसाठी कशाला कपाट अडवायचं, म्हणून त्या साड्या बॅगेतच ठेवत. हे तर आम्हा तिघींनाही दिसत होतं. ‘आईंचा नीटनेटका स्वभाव’ असा त्याचा अर्थ लावला जायचा.

मुक्काम साताऱ्याला, आणि मनात येईल तेव्हा इतर दोन घरी, असं आईंचं म्हणणं पडलं. मुलांचे डोळे पाणावले. थोरले भाऊजी लगेच म्हणाले, ‘‘काहीच हरकत नाही!’’

‘‘तुमची नसेल,’’ जाऊबाई म्हणाल्या. ‘‘म्हणजे सगळं शेवटी माझ्याच गळ्यात ना?’’

माझ्या मते सहाही बैठकांतलं सगळ्यात मोलाचं वाक्य ते हेच. कारण अशा वेळी घरोघरी काय होतं? मुलगे भारावतात, निर्णय घेतात आणि करायचं असतं सुनांना. जाऊबाईंचं वय तेव्हा अठ्ठावन्न, गुडघे दुखायला लागलेले. बाईंनी त्यांच्याकडे खुर्ची वळवली. ‘‘हे जमायला तुम्हाला काय लागेल?’’ जाऊबाईंनी जरा चाचरत यादी सांगितली. आईंच्या अंघोळी-धुण्यासाठी सकाळी एक बाई, तिचा पगार तिघांनी मिळून द्यायचा. मे महिन्यात आणि दिवाळीनंतर एकेक महिना आपण मुलीकडे जाणार, त्या वेळी आईंकडे कोणी पाहायचं ते दोघा दिरांनी आधी ठरवून ठेवायचं. आणि अधिक महिन्याचं कोणी बोलू नये, तो विषय संपला! हे शेवटचं सांगताना त्या स्वतःच हसल्या. वेळापत्रक आजही आमच्याकडे आहे, पण ते आता जाऊबाईंच्या सुट्टीचं आहे.

आईंची चक्कर नाहीशी झाली का, असं मैत्रिणी विचारतात. त्यानंतर दोनदा आली. एकदा रक्तदाबाच्या औषधाची मात्रा बदलावी लागली, एकदा कारण कळलं नाही. पण तिकीट आणि चक्कर यांची जी गाठ पडली होती, ती सुटली.

हे सगळं सगळ्या घरांना लागू पडतं असं मात्र मुळीच नाही. एक गोष्ट ठासून सांगायला हवी. ज्या घरात मारहाण आहे, धाक आहे, तिथं बाईला मारणाऱ्याच्या शेजारी बसवून ‘मोकळेपणानं बोला’ म्हणण्यात अर्थ नाही. घरी गेल्यावर त्या बोलण्याची किंमत तिलाच मोजावी लागते. तिथं आधी तिची सुरक्षितता. त्यासाठी २००५चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे, १८१ हा महिलांसाठीचा मदतक्रमांक आहे. ‘समुपदेशन’ या गोड नावाखाली मार खाणाऱ्या बाईला परत त्याच घरात धाडण्याचे प्रकार आपल्याकडे होतात, त्यांना उपचार म्हणू नये.

शिवाय, यायलाच तयार नसलेला माणूस ही मोठी अडचण असते. आमच्याकडे धाकटे तिसऱ्या बैठकीला आले. पण एखाद्या घरी कोणी कधीच येत नाही. तरी बाईंचं म्हणणं, एकानं जरी आपली नेहमीची जागा सोडली, तरी बाकीच्यांना थोडं सरकावंच लागतं. १९८४च्या कुटुंब न्यायालय कायद्यानं न्यायालयातही समुपदेशक असतात, पण तिथवर पोचेपर्यंत बहुतेक माणसं मनानं घराबाहेर पडलेली असतात.

खर्चाची धास्ती असेल, तर सरकारी रुग्णालयांच्या मनोविकार विभागात केसपेपरच्या मोजक्या पैशांत काम होतं. आमचा खर्च झाला तो सातारा आणि बडोद्याच्या प्रवासाचा. खाजगीत अर्थातच जास्त पैसे पडतात. कुठं जावं ते कळत नसेल, तर ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेला १४४१६ वर फोन करता येतो. तिथं मराठीतूनही बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. आपलं घरचं बोलणं बाहेर फुटेल ही भीती आमच्या जाऊबाईंना फार होती. उपचारातली माहिती गुप्त राहण्याचा हक्क २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं दिलेला आहे, हे बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, तेव्हा कुठं त्यांनी पदराचं टोक हातातून सोडलं.

आता आई ऐंशी पार आहेत. साताऱ्याच्या घरात त्यांचं लाकडी कपाट आहे, किल्ली कमरेला. मागच्या पावसाळ्यात आम्ही गेलो होतो, तेव्हा थोरले भाऊजी फोनवर धाकट्यांशी गावच्या विहिरीच्या मोटरीबद्दल बोलत होते. चांगली वीस मिनिटं, मध्येच वाद, मध्येच हसणं. आई आतल्या खोलीतून कान देऊन ऐकत होत्या. फोन संपल्यावर मला जवळ बोलावून किंचित फुरंगटून म्हणाल्या, ‘‘काय बोलले गं दोघे? हल्ली मला कोणी काही सांगतच नाही!’’